नाल्याकाठचा रेतीचा थर

"इथंच तं आपला जुना पाइप होता ना रे?"

"नाई यार, तो वरतून गेलता. बांधाच्या त्या बाजूनं."

"काय मालूम. तुझ्या बापानं टाकला होता, आपण लहान होतो."

सुभाषभाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ रामदास माझ्या मागे उभे राहून बोलत होते. शेत सुभाषभाऊंचं. त्यांच्या केळीच्या बागेला लागून तापीला मिळणारा एक नाला आहे. गेल्या पावसाळ्यात नाल्याने काठ कापला आणि मातीची उंच भिंत उघडी पडली. अशा भिंतीला आम्ही सेक्शन म्हणतो. खालचा थर जुना, वरचा नवा, या हिशोबाने ती वाचायची.

माझी पीएचडी याच नाल्यावर होती. हजारो वर्षांपूर्वी इथे पाऊस कसा होता, मोठे पूर कधी आले, हा प्रश्न. तपकिरी गाळात कांकर, म्हणजे चुन्याच्या कडक गाठी दिसल्या, तर जमीन बराच काळ स्थिर होती आणि उन्हाळे लांब होते असं समजायचं. मध्येच स्वच्छ रेतीचा जाड थर आला तर पुराची शंका घ्यायची. या भिंतीत असा थर होता. माझे गाइड तसा पूर कित्येक वर्षं शोधत होते. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार होते.

"मधुरा, नमुन्याच्या सगळ्या ट्यूब इथेच ठोकायच्या," सर म्हणाले. "तुझा मुख्य चॅप्टर झाला म्हणून समज."

माझं घर बऱ्हाणपुरातलं, म्हणून गावातल्या लोकांशी मी बोलायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात सर बोलत होते आणि मी लेबलं लिहीत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. शेतात पाहुण्यासारखीच वावरते.

वय कसं काढतात ते थोडक्यात सांगते. रेतीचा कण उन्हात पडला की त्यात साठलेली ऊर्जा निघून जाते. गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या नैसर्गिक किरणांमुळे ती पुन्हा साठू लागते. लॅबच्या अंधाऱ्या खोलीत ती मोजली की कण किती काळ अंधारात होता ते कळतं. म्हणून नमुन्याला उजेड लागू द्यायचा नाही. लोखंडी ट्यूब भिंतीत ठोकायची, बाहेर काढली की दोन्ही तोंडं लगेच काळ्या प्लॅस्टिकने बंद. लॅबने आम्हाला मोजकेच नमुने मंजूर केले होते.

"मॅडम, ह्या नळीत काय भरून नेता?" रामदासने विचारलं. "सोनं-बिनं असलं तं आमचा हिस्सा ठेवजा."

मी हसले. मग हळूच विचारलं, "दादा, पाइप पुरताना खाली रेती टाकतात का?"

"टाकाच लागते. ही काळी माती उन्हाळ्यात फाटते, पाण्यात फुगते. रेती नसली तं पाइप तोडते ती."

"कुठली रेती?"

"नाल्यातलीच. खोदली, ट्रॉलीत भरली, चारीत ओतली."

"आणि तुमचा पाइप इथूनच गेला होता?"

"मी म्हणतो इथून, हा म्हणतो वरतून. सांगणारा याचा बाप राहिला नाई."

मी भिंतीकडे पाहिलं. चारी, म्हणजे पाइपासाठी खणलेला चर, काठाला समांतर असेल आणि नाल्याने काठ नेमका तिथे कापला असेल, तर ती बाजूने लांबलचक आडव्या थरासारखीच दिसणार.

मी खुरपी घेऊन भिंतीपाशी गेले. पुराची रेती सहसा बारीक पदरांत बसते आणि कडेला पातळ होत जाते. इथे पदर नव्हते. तळ फावड्याने कापल्यासारखा सपाट होता आणि एका टोकाला रेती एकदम सरळ संपत होती. वरचा गाळ पाहिला. शेजारच्या मातीत कांकर मुळांच्या वाटांनी उभे वाढलेले, त्यांच्याभोवती चुन्याचे पांढरे धागे. रेतीच्या वर मात्र कांकर मोडके, कसेही पडलेले. धागा एकही नाही. ती माती तिथे साठलेली नव्हती, लोटलेली होती.

सरांनी ट्यूब रेतीवर टेकवली होती. मी "सर, वन मिनिट," म्हटलं, पण ते हातोड्याच्या आवाजात गेलं. दुसऱ्यांदा म्हणायला मला भिंतीपुढे जाऊन उभं राहावं लागलं. पाइप, चारी, तळ, कांकर, सगळं दाखवलं. सरांनी चष्मा पुसला आणि स्वतः खुरपीने खरवडून पाहिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. नमुने आम्ही बाजूच्या तपकिरी गाळातून घेतले. त्यांतून एका लांब कोरड्या काळाची तारीख मिळाली. पूर मिळाला नाही. माझा चॅप्टर लहान झाला आणि सर पुराशिवाय रिटायर झाले. तेव्हापासून सेक्शनला हात लावण्याआधी मी शेतमालकाला पाइपलाइन कुठून गेली ते विचारते, आणि त्याच्या उत्तरानंतर कांकरही बघते.

पण त्या दुपारी सरांच्या हातातून ट्यूब सुटत नव्हती.

"एक तरी घेऊ," ते म्हणाले. "चारीची रेती असेल तर लॅबमध्ये कळेलच ना."

ट्रॉलीतून एकदम ओतलेल्या रेतीच्या सगळ्या कणांना ऊन लागत नाही. त्यांचं जुनं वय त्यांच्यातच राहतं, आणि येणारा आकडा अगदी खरा वाटू शकतो. हे मला सरांनीच शिकवलं होतं. सुभाषभाऊ आणि रामदास आमच्याकडे बघत होते.

"नाही कळणार, सर," मी म्हणाले. "लॅबमध्ये फक्त रेती जाईल. चारी इथेच राहील."