एकाच केबलवरची चूक

सर्व्हर चालू होता, पंखा फिरत होता, पण स्क्रीनवर एकही डिस्क दिसत नव्हती. मागे उभ्या वंदनाबाई विचारत होत्या, "रफिकभाऊ, आमची यादी तर हाय न?"

चंद्रपुरात मी बरीच वर्षं सर्व्हर दुरुस्त केले. हा एका धर्मादाय दवाखान्याचा. वंदनाबाई लॅब पाहायच्या. सावली, गोंडपिपरीकडच्या गावांत फिरून त्यांनी मुलांचं सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासलं होतं. निकालाची कार्डं घरोघरी दिली होती. एकत्र यादी फक्त या सर्व्हरवर होती.

वर्षभर आधी दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "नवीन सिरीयल डिस्कवाला सर्व्हर घेऊ का?"

"काऊन घेता, साहेब? जुन्याचे सारे पार्ट माह्या कपाटात हायेत. नव्याचा पार्ट नागपूरवरून येईपर्यंत बसाल हातावर हात धरून."

आमच्याकडे कुठलीही मशीन घेताना पहिला प्रश्न हाच असतो, पार्ट इथं मिळतो का? डॉक्टरांना पटलं. खरं सांगायचं तर नव्याची ती बोटभर बारीक केबल पहिल्यांदा पाहून मला हसूच आलं होतं. एवढीशी तार काय ओझं वाहणार!

जुन्या पद्धतीत, म्हणजे पॅरलल स्कझीत, एका रुंद पट्टीसारख्या केबलवर सगळ्या डिस्क ओळीने लावायच्या. शेजारशेजारच्या तारांतून बिट एकदम निघतात आणि एकदमच पोचावे लागतात. वेग वाढवला की त्यांची पावलं चुकतात. सिरीयलमध्ये ते एकामागून एक जातात, म्हणून बारीक तारही जास्त वेगाने धावते. शिवाय प्रत्येक डिस्कला स्वतःची वाट. एक वाट बंद पडली तरी बाकीच्या चालू राहतात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. सांगितलं नाही.

बिघाड त्या एका केबलचाच निघाला. दुसरी माझ्या कपाटात होतीच. दहा मिनिटांत बदलली. दोन्ही डिस्क दिसल्या, मी हुश्श केलं आणि फाइल उघडली. नावांच्या जागी नुसता कचरा. खराब केबल कितीतरी दिवस चुकीचं लिहीत होती. एका डिस्कची नक्कल दुसरीवर होती, पण दोन्ही त्याच केबलवर. बॅकअपचा टेप ड्राइव्हही मीच तिच्यावर जोडलेला, आणि टेप परत वाचून पाहायची तसदी कधी घेतली नव्हती.

"नाई निघत, बाई," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पोराइचे बोटं पुन्हा टोचा लागन."

डॉक्टरांनी सिरीयल सर्व्हर मागवला. मीच बसवला. नंतर एकदा चालू सर्व्हरमधून बिघडलेली डिस्क काढून नवी लावली, कुणाचं काम थांबलं नाही.

ज्यांनी कार्डं जपली होती, त्यांची नावं परत चढली. बाकीच्यांसाठी बाई पुन्हा निघाल्या. मनाला लागलं होतं, म्हणून एक दिवस मीही तपासणीच्या सामानाची पेटी उचलायला सोबत गेलो. एका अंगणात एक मुलगी हात पाठीमागे लपवून उभी राहिली.

"मागं टोचलं व्हतं न, बाई. आता काऊन?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच्यानं कागद हरवला, बेटा," म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला दवाखान्यासाठी काय बरं ते विचारलं होतं. मी स्वतःला काय सोपं ते सांगितलं. त्याची किंमत कुणी मोजली, ते मी त्या अंगणात पाहिलं.