कुशीवरचा नर

कॉलेजात तिला सगळे ‘पानवाल्या बाई’ म्हणत. वस्त्यांच्या मधे उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांतून ती पानं आणायची आणि त्यांच्या खालच्या बाजूला रस शोषत बसलेले टाचणीच्या टोकाएवढे कोळी शोधायची. त्यांची प्रजाती ओळखायची तर नर लागतो, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर बरोबर कुशीवर निजावा लागतो; तरच ओळख पटवणारा त्याच्या जननेंद्रियाचा आकार दिसतो.

एका उंच झाडाच्या पानावर तिला असा एकच नर सापडला, कधीच न पाहिलेला. वरची काच ठेवताना बोट जरा जास्त दाबलं गेलं आणि स्वारी उताणी झाली. सगळं मुसळ केरात!

“माझा मुलगा तरी कुठे सांगून कुशीवर वळतो?” घरी हे ऐकून सासूबाई म्हणाल्या. “घोरत पडतो मेला.”

ती हसली, पण सकाळी पिशवी घेऊन निघालीच.

“एका किड्यासाठी पुन्हा?” नवरा कुरकुरला.

“किडा नाही, आठ पाय आहेत त्याला. आणि तो काही आपल्या पायांनी माझ्याकडे येणार नाही.”

ती पोचली तेव्हा झाड आडवं पडलेलं होतं. रस्ता रुंद होणार होता. मग तिचं लक्ष शेंड्याकडे गेलं. इतकी वर्षं हाताला न लागलेला शेंडा आज पायाशी होता. तिने पदर खोचला आणि फांद्यांत शिरली.

“बाई, झाड मेलंय आता,” करवतवाला म्हणाला.

“पानांना अजून कळलेलं नाही. सरका!” म्हणत तिने पहिलं पान उलटं केलं.