आढीतली बाटली

महिपत जर्मन लढाईत फ्रान्सला खेचरं हाकायला गेला होता. परत आला तो एक चव घेऊन.

मी नुकताच बी. ए. होऊन रत्नागिरीला परतलो होतो. नोकरी नव्हती. संध्याकाळी महिपत राखायचा त्या आंब्याच्या कलमांच्या बागेत, त्याच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसायचो. वयाने तो माझ्या दुप्पट, तरी मैत्री जमली. तांबडी वाईन मी फक्त इंग्रजी कवितांत वाचली होती. गुडघ्यापर्यंत पंचा नेसलेल्या या माणसाने ती महिनोन् महिने जेवणाबरोबर प्यायली होती. ऐकून मी थक्क झालो.

"काळी म्हंजे काळीच. उजेडात धरली तरच तांबडी," तो सांगे. "पयला घोट जीभ आवळतो. मग छातीत ऊब पसरते. संगती मटणाचा रस्सा नि कडक पाव. तिच्यापुढं आपली माडी म्हंजे पाणी रे, बापू."

तिकडे त्याच्या तुकडीची खेचरं एका म्हातारीच्या शेतावर बांधलेली असत. द्राक्षं तिचीच. पिंपातून काढून तीच सगळ्यांना पाजी.

हे चाललं की भाकरी थापणारी राही, त्याची बायको, मान न वळवता म्हणे, "आली मडमेची आठवण."

"म्हातारी व्हती गो ती. तोंडात दात नव्हता."

"तोंड बरं ध्यानात ऱ्हायलं."

मी हसायचो. पण राहीला खरोखरच वाटे, हा कुणालातरी तिकडे सोडून आला आहे. बोलता बोलता तो समुद्राकडे बघत बसे. तेव्हा ती भांडी आपटे. महिपतला ते लागे. ती वाईन पुन्हा प्यायची त्याची इच्छा होतीच. त्याहून मोठी इच्छा, राहीने एक घोट घ्यावा. "जिभेला लागली की समजंल तिला, मी कशापायी झुरतो ते."

चैत्रात मिरकरवाड्याचा हुसेन खलाशी बोटीवरून सुट्टीवर आला. महिपतने सांगून ठेवलेली तांबड्या वाईनची बाटली त्याने लुंगीत गुंडाळून आणली होती, ती त्याच्या हातात ठेवली. थेट फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरातून.

"मी हात लावलाय, तोंड नाय," हुसेन म्हणाला. "पुढचं पाप तुझं. आणि घाई करू नको. ठेवली की सुधारते म्हणतात."

माळ्यावर तेव्हा आंब्यांची आढी लागली होती. खाली पेंढा, त्यावर कच्चे आंबे, वर पुन्हा पेंढा. आतल्या उबेने आंबट फळ गोड होतं. महिपतने बाटली त्यातच पुरली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही; वाईनला गारवा लागतो, हे मला फार पुढे कळलं.

रोज तो पेंढ्यात हात घालून तिची मान चाचपून येई. आंबे पिवळे झाले. मग एका दुपारी त्याने मला बोलावलं, राहीला मटण शिजवायला लावलं आणि बाटली खाली आणली. ताप चढलेल्या अंगासारखी ती गरम होती. बूच निम्मं आपोआप वर आलं होतं.

त्याने करवंटीत ओतली आणि आधी राहीला दिली.

राहीने घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आंबट ढाण! शिळ्या माडीवानी." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. आवाजात चेष्टा नव्हती. "ह्याच्यासाठी कोण पंधरा वर्सं झुरंल? म्हंजे मडमच व्हती."

महिपतने करवंटी घेतली. घोट तोंडात बराच वेळ धरला.

"ही ती नव्हे," तो म्हणाला.

"मग ती कशी व्हती? सांगा तरी."

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. महिपतने आठवायला म्हणून पुन्हा एक घोट घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तोंडात आता हीच ऱ्हायली," तो हळूच म्हणाला. "ती चव आठवत नाय."

राहीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"चूळ भरा," ती म्हणाली. "मग आठवंल."

त्याने चूळ भरली. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.