सोयाचं दूध आणि फ्रिजवरची पाटी

निवृत्त नवऱ्याने स्वयंपाकघरात शिरू नये, असं बायकोचं स्पष्ट मत. मी शिरलो. सोयाबीन भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, उकळायचे. शेजाऱ्यांनी वासाने दार लावून घेतलं, तरी माझा उत्साह उतू जात होता. सकाळी बायकोने थायरॉईडची गोळी घेतली रे घेतली, की माझा पेला हजर. "घरचं आहे, पी!" ती नाक मुरडून प्यायची.

भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालू लागली. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. मंडईतून मेथीची जुडी आणली तरी जिन्यात टेकायची. रक्त तपासलं, तर थायरॉईड पार बिघडलेला.

"गोळ्या विसरतेस तू," मी निकाल देऊन टाकला.

"नाही हो, रोज घेते."

"मग गोळीच काम करायला विसरत असेल."

एवढ्यावर थांबलो असतो तर पुणेकर कसला? फ्रिजवर पाटी चिकटवली: 'गोळी गिळल्यावरच घेतली असे समजण्यात येईल.' आल्यागेल्याला हौसेने दाखवायचो. आधी तीही हसायची. मग विचारायला लागली, "अहो, मी गॅस बंद केला ना?" तिच्या आईचं विस्मरण आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिलेलं. तरी मी म्हणायचो, "त्याचीही पाटी करू का?"

अखेर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळीनंतर लगेच काय घेता?" उत्तर मी दिलं, छाती काढून, कृतीसकट.

"काका, सोयामुळे ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. दोन्हींमध्ये काही तास जायला हवेत. औषध आम्ही द्यायचं आणि तुम्ही अडवायचं, असं चाललंय."

बायकोने दुधाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे मी विसरत नव्हते?"

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने ओढणीने डोळे पुसले. एरवी मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचतं. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

घरी येऊन पाटी ओरबाडली, तर फ्रिजचा रंगही निघाला. पुढच्या तपासणीत आकडे सुधारले, स्वेटर कपाटात गेला. पण अजूनही बाहेर पडताना ती जिन्यात थबकते.

"अहो, गॅस?"

तिने बंद करताना मी पाहिलेलं असतं. तरी कुलूप काढतो, आत जाऊन बघून येतो.

"बंद आहे. तूच केलायस."