अडुसष्ट नंबरचा जोड

माझं आलापल्लीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि माझी मोठी बहीण, आम्ही सगळे तिला बाई म्हणतो, मुलचेऱ्याकडच्या एका गावात दिली आहे. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भाऊजींना, जगातली कुठलीही गोष्ट सायकलच्या ट्यूबने बांधता येते असं वाटतं. वखराचा दांडा, गळका पाइप, मोडलेली छत्री, सगळ्याला तीच काळी पट्टी. हा माणूस म्हणजे माझ्या धंद्याचा उघड विरोधक होता.

त्यांच्या धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, वर एक बोडी आहे, पावसाचं पाणी साठवणारं लहान तळं. आजूबाजूला वसलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली मासोळीची शेती पाहून भाऊजींनीही तिच्यात रोहू आणि कटल्याचं बीज सोडलं. मासोळ्या वाढल्या. पण पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं, वारा पडला, की पहाटे सगळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. शेजारच्या गावातल्या एका दादाने सांगितलं, पाण्यात हवा कमी पडते, पाणी घुसळणारं यंत्र लावा. भाऊजींनी यंत्र आणलं. ते बोडीच्या मधोमध तरंगणार होतं, पण त्याच्यासोबत आलेली केबल काठापर्यंत पुरत नव्हती. म्हणजे एक जोड पाण्यात येणार आणि दुसरा काठावरच्या खांबाशी. भाऊजींनी ट्यूब कापायला घेतली तेव्हा बाईने मला फोन केला.

मी पिशवीत नाना तऱ्हेचे कनेक्टर, म्हणजे वायर जोडायच्या झाकणाच्या डब्या, घालून गेलो. काठावरच्या मोहाच्या झाडाखाली बसून दोघांना समजावून सांगितलं. डबीवर आयपी लिहिलेलं असतं, पुढे दोन आकडे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पासष्ट म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार मारली तरी चालतं, पण बुडवायचं नाही. सदुसष्ट म्हणजे बुडवलं तरी चालतं, मीटरभर खोल, अर्धा तास. अडुसष्ट त्याच्याही वरचा. तो किती खोल आणि किती वेळ टिकेल ते बनवणारा स्वतः लिहून देतो. माझ्याकडचा अडुसष्ट कायम पाण्यात ठेवायचा होता. आणि हे सगळं झाकण पूर्ण आवळल्यावर. उघड्या तोंडाचा कनेक्टर कितीही मोठ्या आकड्याचा असो, तो वाटीसारखा पाण्याने भरतो.

बाई धानाच्या रोवण्यातून चहापुरती आली होती. तिने सदुसष्टची डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"अन् अर्धा तास झाल्यावर?" तिने विचारलं. "मासोळ्या त्याले बाहेर काढून ठेवतीन का?"

मी डबी तिच्या हातातून परत घेतली. भाऊजींना मात्र आनंद झाला. त्यांचं म्हणणं असं की हे सगळे आकडे शहरात बसून छापलेले असतात, आणि बोडीला वाचता येत नाही. मग मी चिडून म्हणालो की बोडीलाच विचारू. प्रत्येक कनेक्टरच्या आत हळद आणि वाळलेल्या चुन्याची कोरडी भुकटी भरायची, वरून आवळायचं, दगड बांधून बुडवायचं. भुकटी पिवळी राहिली तर आत पाणी गेलं नाही. लाल झाली तर गेलं. वीज कशालाच जोडायची नाही, त्यामुळे धोकाही नाही. भाऊजींनी अट घातली की चौथा गडी त्यांचा. साधा प्लग, वर त्यांच्या हाताने गुंडाळलेली ट्यूब. मी उदार मनाने हो म्हणालो.

चारही दोरांना लटकवून बोडीत सोडले आणि पुढच्या आठवडी बाजाराला येतो म्हणून मी परतलो. आठवडाभर दुकानात बसून मी मनातल्या मनात भाऊजींची हार बघत होतो. बायकोला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने ऐकलं नाही.

बाजाराच्या दिवशी पोचलो तर काठावर चार-पाच माणसं आधीच जमलेली. त्यात तो यंत्र सुचवणारा दादाही होता. भाऊजींनीच बोलावलं होतं. ते स्वतः धुतलेला सदरा घालून गंभीर चेहऱ्याने उभे होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण भाऊजी मयतालाही गंभीर चेहरा करून जात नाहीत.

पहिला दोर ओढला. पासष्टमध्ये लाल चिखल. मी म्हणालो, बघा, हा बुडवायचा नव्हताच. सदुसष्ट उघडला, तर कडेकडेने लाली चढलेली, मधे पिवळं. मी म्हणालो, बघा, अर्ध्या तासाचा गडी आठवडाभर लढला. लोक माना डोलवत होते आणि माझा आवाज चढत होता. मग मी जरा थांबून, सगळ्यांकडे बघून, अडुसष्टचं झाकण फिरवलं.

आत लालभडक.

पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही. भाऊजींनी हळूच आपला दोर ओढला, ओली ट्यूब वेढ्यावेढ्याने सोडली, प्लग उघडला आणि सगळ्यांना फिरून दाखवला. हळद पिवळीधमक, कोरडी, नुकतीच दळल्यासारखी.

"जाऊ द्या साळेबुवा," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुमचा नंबर मोठा होता, पण बोडी अडाणी निंघाली."

मी तिथूनच, सगळ्यांसमोर, मला माल पुरवणाऱ्या चंद्रपूरच्या माणसाला फोन लावला आणि त्याला जे बोलायचं ते बोललो. नकली माल देता, गिऱ्हाइकापुढे नाक कापता, उद्या कोणी मेलं तर काय. तो बिचारा पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता की झाकण नीट आवळलं होतं का. त्याने मी आणखी पेटलो. भाऊजी माझ्या शेजारी उभे राहून, मोठं दुःख झाल्यासारखं, मान हलवत होते.

एवढ्यात बाई बांधीतून वर आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, डोक्यावर पदर. तिला कोणीतरी निकाल सांगितला. तिने माझ्या हातातला अडुसष्ट घेतला, आत पाहिलं आणि दोन बोटं घातली. बोटांवर लाल भुकटी आली. चिखल नाही, गोळा नाही, भुकटी. ती भुकटी तिने बोटांत चोळली, वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत कपाळाला लावली.

"डबी चांगली हाय," ती म्हणाली. "कुंकू कोरडं राह्यलं."

क्षणभर कोणाला कळेना. मग दादा हसायला लागला. बाईने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. देवाजवळचा कुंकवाचा करंडा मागच्या बाजारापासून रिकामा कसा पडला ते आता समजलं, असं तिने बोडीकडे बघून सांगितलं. आणि सायकलच्या ट्यूबचा एक गोळा आठवडाभर गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला होता, तो सकाळी कुठे गेला, तेही समजलं.

भाऊजींना लाज वाटली असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने भाऊजींना पाहिलेलं नाही. ते काठावर बसूनच हसायला लागले, इतके की धुतलेल्या सदऱ्याला चिखल लागला. मी गेलो त्याच संध्याकाळी त्यांनी अडुसष्ट वर काढला होता, हळद झटकून कुंकू भरलं होतं, झाकण आवळून परत सोडला होता, आणि स्वतःचा प्लग मात्र बाहेर काढून गोठ्यात टांगला होता. म्हणजे आठवडाभर त्या डबीने त्यांचं कुंकू सांभाळलं होतं. माझा माल खोटा ठरवायला निघालेल्या माणसाने तो गावासमोर खरा ठरवला होता.

"मी बी चाचणीच घेऊन राह्यलो होतो ना," ते म्हणाले. "डबीची नाई, साळ्याची."

मला राग यायला हवा होता. पण मी फोनवर काय काय बोललो ते आठवलं आणि मलाच हसू फुटलं. आता चंद्रपूरला पुन्हा फोन कोण करणार? मी भाऊजींकडे फोन दिला. त्यांनी घसा साफ करून माझाच आवाज काढला आणि सांगितलं की माल उत्तम आहे, मघाशी जरा ऊन लागलं होतं. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं. पुढे कितीतरी महिने तो माणूस माझ्याशी बोलताना आधी तब्येत विचारायचा.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी काम उरकलं. पाण्यातल्या जोडाला दुसरा कोरा अडुसष्ट लावला, आणि झाकण भाऊजींनी स्वतःच्या हाताने आवळलं. काठावरच्या खांबालाही मी अडुसष्टच लावणार होतो. पण तिथे भाऊजी पॉवर टिलर धुतात, पंपाच्या जोरदार धारेने. आणि बुडून राहणं वेगळं, धार सोसणं वेगळं. माझ्या अडुसष्टच्या खोक्यावर धारेबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून खांबाला सहासष्ट लावला, जोराच्या धारेसाठीच असतो तो. लहान आकडा वर आणि मोठा आकडा खाली पाहून भाऊजींचं समाधान झालं. त्यांनी लगेच दादाला सांगायला सुरुवात केली की आकडा मोठा घ्यायचा नसतो, जागेचा घ्यायचा असतो, आणि हे अशा आवाजात, जणू त्यांना जन्मापासून माहीत होतं. गळती झाली तर आपोआप वीज तोडणारं स्विच मी पंपाच्या खोलीत बसवलं, आणि यंत्र बंद केल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही असं दोघांकडून कबूल करून घेतलं. बाईने एका शब्दात कबूल केलं. भाऊजींनी शपथ घेतली, म्हणून बाईने बटणाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

यंत्र सुरू झालं. बोडीच्या मधोमध पांढरा फेस उसळला, आणि आम्ही काठावर उभे राहून तो बघत राहिलो, जसा बाजारात डोंबाऱ्याचा खेळ बघतात तसा. दुसऱ्या दिवशी पहाटे बाईचा फोन आला, मासोळ्या खाली आहेत.

दिवाळीनंतर त्यांनी जाळं टाकलं. एसटीच्या ड्रायव्हरजवळ माझ्यासाठी एक मोठा कटला आला, केळीच्या पानात गुंडाळलेला, वरून सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधलेला. बायकोने तो हातात घेतला, पण चिरण्याआधी त्याचं तोंड उघडून आत नीट पाहिलं.