पाय धुऊन निघालेली सून

त्या वर्षी देवळीजवळच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते. पोळा झाला आणि हाडं मोडून काढणारा ताप गावोगाव पसरला. डॉक्टर नवे, नुकतेच शिकून आलेले. डेंग्यू हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. "यातला एखादा अचानक ढासळतो, सिस्टर. कोण, ते आधी सांगता येत नाही," एके सकाळी एवढं बोलून ते एका रोग्याला जीपमधून वर्ध्याला घेऊन गेले आणि सहा खाटा माझ्या गळ्यात पडल्या.

सांगता येत नाही म्हणे! मला वाटायचं, येतं की. ज्याचा ताप जास्त, त्याला धोका जास्त. त्याची खाट माझ्या टेबलाशेजारी. ताप उतरला की खाट दाराजवळ, आणि तिथून घरी. माझ्या या व्यवस्थेचा मला चांगलाच तोरा होता.

त्या सकाळी दाराजवळ एका भाजीपाला पिकवणाऱ्या घरची सून होती, वीस-बावीस वर्षांची. पाचव्या दिवशी तिचा ताप उतरला होता. पोट दुखतं म्हणाली. पाच दिवस पोटात काही नाही, दुखणारच, असं मी तिला ऐकवलं. बाहेर नवरा बैलगाडी जुंपून उभा होता. व्हरांड्यात तापाने फणफणलेली एक म्हातारी खाटेची वाट बघत होती. आणि सासू मात्र कडुनिंबाचा पाला घातलेलं गरम पाणी घेऊन निवांत बसलेली. तापातून उठलेल्याचे हातपाय त्या पाण्याने धुतल्याशिवाय त्याला घरी न्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत होती.

माझं डोकं फिरलं. "आटपा न मावशी! घरी धुवा काय धुवाचं ते. मले खाट पाह्यजे."

"झालंच जी बाई. पायच राह्यले."

तिने पाय धुतले, पदराने पुसले आणि ते हातात धरून बसूनच राहिली.

"बाई, पाय गार लागून राह्यले."

"ताप उतरला, मंग गारच लागन न!"

"तसं नाई जी. आत्ताच गरम पाण्यानं धुतले. हात त लावून पाहा."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी हात लावला. पाय थंडगार होते, आणि पुसूनही ओलसर. नाडी बारीक, पळणारी. रक्तदाब घेतला: वरचा आकडा नव्वद, खालचा ऐंशी. इतके जवळ आलेले आकडे मी कधी पाहिले नव्हते. यंत्र बिघडलं असेल म्हणून पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. माझा रक्तदाब ठीक होता. मी घाबरले.

"बैल सोडा!" मी नवऱ्यावर ओरडले. डॉक्टर नव्हते, विचारायला कोणी नव्हतं. सलाईनची बाटली टांगली. शीर सापडेना. दोनदा सुई चुकली. पोरगी तळमळत होती, "मले घरी न्या न," म्हणत होती. तिसऱ्या वेळी सासूने तिचा दंड दोन्ही हातांनी आवळून धरला, तेव्हा कुठे सुई लागली. बाटली धो-धो सोडली आणि दर थोड्या वेळाने पट्टा आवळत राहिले. दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा आकडे एकमेकांपासून लांब सरकू लागले. पुढे ती लघवीला जायचं म्हणाली, म्हणजे अंगात रक्त पुन्हा नीट खेळू लागलं होतं, तेव्हा मला रडूच आलं.

दुपारी डॉक्टर आले. तिला तपासलं, मी लिहिलेला कागद वाचला. "ही गाडीत बसली असती तर वाटेतच गेली असती. धोका ताप उतरतानाच असतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही कशावरून ओळखलंत?"

सासू तिथेच उभी होती.

"पाय गार लागले," मी म्हणाले.

"शाब्बास, सिस्टर."

दुसऱ्या दिवसापासून ताप उतरलेल्यांच्या खाटा टेबलाशेजारी आल्या, आणि येईल त्याला डॉक्टर माझी हुशारी सांगू लागले. सून चार दिवसांनी घरी निघाली. "बाई होत्या म्हनून वाचली जी माही सून," सासू व्हरांड्यातल्या सगळ्यांना सांगत होती. मग माझ्या आईच्या वयाची ती बाई माझ्या पाया पडायला वाकली, आणि मी तिला थांबवलं नाही.