चंदनाच्या अत्तराला काडी

अल्लाहवर माझा पूर्ण भरवसा आहे. बाकी कोणावर नाही.

शहापुरात आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला हे ठाऊक आहे. पुड्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी बिस्कीट तोंडात घालत नाही (तोवर चहा गार होतो, ते सोडा). धाकट्या भावाचं, इम्रानचं, मुरबाडला जमत आलं तेव्हाही पहिला संशय मलाच आला. मुलगी, नाझनीन, शिकलेली, सालस, आणि 'घरून कायतरी विकते'. कायतरी म्हणजे काय? विचारलं तर इम्रान नुसताच लाजला. वाशिंदच्या कारखान्यात एवढाल्या मशिनी सांभाळणारा गडी, पण तिचं नाव निघालं की बंद पडायचा. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून अम्मीने रोजे धरले होते.

पहिल्या भेटीला अत्तर न्यायचं ठरलं. मोबाईलवर मला एक पेज सापडलं. चंदनाचं अत्तर, अल्कोहोलचा थेंब नाही, असा दावा. विकणारी प्रत्येक मेसेज सलामने सुरू करायची आणि इन्शाअल्लाहने संपवायची. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढा सलाम कशाला? मालात खोट असणारच!

बाटली आली तशी मी तिची परीक्षा घेतली. कापसाचा बोळा अत्तरात बुडवला आणि काडी लावली. अल्कोहोल असेल तर भडकणार, असं माझं गणित. भडकला! (जेवायला खाली अंथरायच्या अम्मीच्या नव्या दस्तरखानाला भोक पडलं. त्यावर ती जे बोलली ते रोजा धरून बोलण्यासारखं नव्हतं.) मी लगेच व्हिडिओ केला, वर 'दीन-धर्माच्या नावावर धंदा' असं लिहिलं आणि तो त्या पेजवर टाकला, शिवाय शहापूर-मुरबाडच्या बायकांच्या ग्रुपवरही. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात घरोघरी अत्तरं जळू लागली. शेजारच्या खालांनी तर सुरम्यालाही काडी लावून पाहिली.

अत्तराऐवजी मिठाई घेऊन आम्ही मुरबाडला गेलो. दारातच चंदनाचा वास आला. कोपऱ्यात खोकी, आणि खोक्यांवर त्या पेजचंच नाव. व्हिडिओत माझं तोंड नव्हतं, फक्त आवाज होता, म्हणजे गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण नाझनीन सरबत घेऊन आली आणि मी विचारून बसले, यात रंग कुठला घातलाय गो?

आवाज ओळखून तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आत गेली, कापूस आणि काडेपेटी घेऊन आली.

"आपा, हा कोरा कापूस. यात काय नाय. लावा काडी."

लावली. तोही भडकला.

इम्रानचा चेहरा पाहवत नव्हता, अम्मीने डोळे मिटून दुआ सुरू केली. माझ्या एका काडीने भावाचं घर बसण्याआधीच जळालं, या विचाराने मला रडू फुटलं. मी सगळ्यांदेखत माफी मागितली.

नाझनीन इम्रानकडे बघून किंचित हसली. म्हणाली, "आमी रागावलो नाय. पण लग्नानंतर गिऱ्हाइकांना उत्तरं आपाच देणार."

आता ती आमच्या घरात आहे, खोकीही आहेत, आणि उत्तरं मीच देते. काल एकीला लिहिलं, अस्सलामु अलैकुम, अल्कोहोलचा थेंब नाही, इन्शाअल्लाह लवकर पोचेल. तिने उलट विचारलं, एवढा सलाम कशाला? नक्कीच मालात खोट आहे.

पुरावा म्हणून सोबत तिने एक व्हिडिओ पाठवला. आवाज माझाच होता.